उसळत्या सायकलीचा अहवाल

मी सायकल मागितली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत अजून असा समज आहे की पन्नाशी उलटल्यावर मला तारुण्याचा झटका आला आणि मी डोंगर चढायला निघालो. झटका बसला हे खरं, पण तो मोटरचा. आणि डोंगर चढायला मी निघालो नव्हतो, मला धाडलं होतं.

मी पाणीपुरवठा खात्यात मुख्य भांडारपाल आहे. नळाच्या वॉशरपासून हत्तीएवढ्या पंपापर्यंत जे जे खात्यात येतं, ते माझ्या सहीशिवाय आत येत नाही आणि माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. अशा माणसाला एक प्रतिष्ठा असते. ती खुर्चीत बसून सांभाळायची असते. उभं राहिलं की ती निम्मी होते, आणि सायकलवर बसलं की काय होते, ते मी सविस्तर सांगणारच आहे.

मासिक बैठकीत साहेबांनी विचारलं, "डोंगरावरच्या पाइपलाइनसाठी एक विजेची डोंगरी सायकल चाचणीला आली आहे. मूल्यमापन कोण करणार?"

असल्या प्रश्नाला सरावलेली माणसं लगेच कागदात डोकं घालतात. माझा कागद नेमका खाली पडला होता. तो उचलून मी वर पाहिलं, तर साहेब माझ्याकडेच पाहत होते.

"तुम्हाला सायकल येते ना?"

"येते," मी म्हणालो. शाळेत असताना येत होती. तेव्हा येत होती ती आता जाऊन जाऊन जाणार कुठे, असा माझा समज होता.

ही सायकल खरं तर हवी होती आमच्या व्हॉल्व्हबाईंना. त्यांचं खरं नाव आणि 'लाइन निरीक्षक' हा हुद्दा पगारपत्रकावर आहे, पण पगारपत्रक सोडलं तर ते कुणी वापरत नाही. डोंगरावरच्या जलाशयापासून पायथ्याच्या टाकीपर्यंत सात किलोमीटर पाइप आहे. त्या पाइपच्या कडेनं बाई रोज चढतात आणि रोज उतरतात. कुठे गळतंय का बघतात, व्हॉल्व्ह उघडतात, बंद करतात. खांद्यावर व्हॉल्व्हची लोखंडी चावी. लांबी माझ्या छातीपर्यंत. बावीस वर्षं हे चाललं होतं. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता, आणि गुडघा कुरकुरतो ही बातमी ऑफिसात पोचली होती. चालणं जमत नसेल तर बाईंना तळघरातल्या तक्रारींच्या फोनवर बसवायचं, असं घाटत होतं. त्या तळघराला खिडकी नाही. आधी तिथे बसणारे गृहस्थ सहा महिन्यांत इतके चिडके झाले, की घरी फोन वाजला तरी "तक्रार क्रमांक सांगा" म्हणायचे.

म्हणजे सायकल पास झाली तर बाई डोंगरावर, नापास झाली तर तळघरात. आणि एकदा 'अयोग्य' असा शेरा पडला की ती वस्तू तीन वर्षं पुन्हा विचारात घ्यायची नाही, असा नियम. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या वेळी माझ्या डोक्यात एकच विचार होता, की माझा कागद खाली पडायला नको होता.

सायकल सोमवारी आली. दोन माणसांनी खोकं फोडलं आणि आतून जे बाहेर आलं ते सायकलीपेक्षा पैलवानाच्या जवळचं होतं. टायर मनगटाएवढे जाड. हँडल इतकं रुंद की धरलं की माणूस कुणाला तरी मिठी मारायला निघालाय असं वाटावं. पुढच्या चाकाला धक्के खाणारे दांडे, मागच्या चाकासाठी सीटखाली हवेचा शॉक, म्हणजे दोन्हीकडून उसळायची सोय. मोटर पायडलपाशी. पायडल मारलं की ती मागून ढकलते, थांबलं की गप्प बसते. वजन पंचवीस किलो.

पहिला घोटाळा तिथेच. ती सायकल मला माझ्याच भांडारात ठेवता येईना. भांडारात वस्तू ठेवायची तर नोंद क्रमांक लागतो, आणि नोंद क्रमांक मूल्यमापन झाल्याशिवाय मिळत नाही. हा नियम नऊ वर्षांपूर्वी मीच सुचवला होता. त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

"मग घरी न्या," साहेब म्हणाले. "आठवडाभर वापरा. अहवाल पुढच्या सोमवारी."

दुसरा घोटाळा अर्जाचा. सायकलीच्या मूल्यमापनाचा अर्ज खात्याकडे नव्हता, म्हणून पंपाचा दिला. "दर मिनिटाला किती लिटर?" "गळती आढळली काय?" "पाण्यात बुडवून ठेवल्यास कार्य करते काय?" मी सरळ 'लागू नाही' लिहीत सुटलो असतो, पण अर्जात दहाच्या वर 'लागू नाही' आले तर अर्ज परत येतो. हा नियम माझा नाही. पण मी असतो तर मीही केला असता.

आमची लिफ्ट चार माणसांची आहे, म्हणजे अडीच माणसांची. सायकल आडवी मावेना. शेवटी ती मागच्या चाकावर उभी केली, पुढचं चाक माझ्या खांद्यावर घेतलं आणि तिला कवटाळून तिसऱ्या मजल्याचं बटण हनुवटीनं दाबलं. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दारात पीटी मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांच्या गळ्यात शिट्टी असते.

"हे काय?" ते म्हणाले.

"सरकारी काम," मी चाकाआडून म्हणालो.

"टायरमध्ये हवा जास्त आहे. खडकाळ रस्त्याला हवा कमी पाहिजे. उतरल्यावर बोलू." आणि त्यांनी शिट्टी फुंकली. का, ते त्यांना ठाऊक. लिफ्टचं दार मात्र लागलं.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या जिन्यावर पसरली. इमारतीचे सेक्रेटरी घरी आले आणि सायकलीपासून चार हात दूर उभे राहिले.

"बॅटरी आहे ना हिला? बॅटऱ्या फुटतात. मी वाचलंय. तुम्ही ती झोपताना चार्जिंगला लावू नका."

"बरं, दिवसा लावतो."

"दिवसा तर अजिबात नको. दिवसा तुम्ही घरात नसता."

"मग कधी लावू?"

"तो तुमचा प्रश्न आहे. मी फक्त सूचना लावणार." आणि त्यांनी खरोखरच फळ्यावर सूचना लावली: 'स्फोटक सायकली बाळगणाऱ्या सभासदांनी इतरांच्या जिवाची काळजी घ्यावी.' अनेकवचन माझी अब्रू वाचवायला वापरलं होतं म्हणे.

तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी काहीच सल्ला दिला नाही. त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपलं कार्ड दिलं.

मंगळवारी मुलीनं माहितीपुस्तिका वाचून काढली. ती इंजिनियरिंगला आहे, तिला असल्या गोष्टींत गोडी. "बाबा, आधी शॉक तुझ्या वजनाला लावून घ्यायला पाहिजे. तू बसलास की तो साधारण पाव भाग दबला पाहिजे. कमी दबला तर दगडावर तू उडशील, जास्त दबला तर सायकल बुडेल. वजन किती तुझं?"

"बहात्तर."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, सायकलला फसवताय की आम्हाला?"

"लग्नात बहात्तर होतं," मी म्हणालो. अधिकृत आकडा तोच होता, तो बदलल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं.

मग काटा आला. मी त्यावर उभा राहिलो. मुलगी वाकून बघत होती, बायको पोळपाट हातात घेऊन बघत होती, आणि काट्यानं एकोणनव्वद हा आकडा दाखवला. "काटा जुना आहे," मी म्हणालो. बायको माझ्यानंतर काट्यावर उभी राहिली, मान डोलावली आणि उतरली. काटा बरोबर होता.

शॉकमध्ये हवा भरायचा एक छोटा पंप सोबत आला होता. मुलगी हवा भरायची, मी हेल्मेट घालून बाहेरच्या खोलीत सायकलवर बसायचो, बायको मागून सीट धरायची. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडं असतं. ते किती सरकलं ते पट्टीनं मोजायचं. "उतर. अजून हवा. बस. हलू नकोस. श्वास घेऊ नकोस, बाबा, कडं सरकतं." असं सात वेळा झालं. सातव्या वेळी बेल वाजली. बायको दार उघडायला गेली, म्हणजे सीट सुटली. मी एका पायावर टीपॉयचा आधार घेऊन तरंगत असताना सेक्रेटरी आत आले. त्यांना जिन्यातल्या दिव्याबद्दल बोलायचं होतं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि दिव्याबद्दल न बोलताच गेले.

बुधवारी पार्किंगमध्ये पहिली फेरी. मदतीचे तीन प्रकार: मंद, मध्यम आणि टर्बो. बटण दाबताना हातमोजा आडवा आला. मी मंद दाबलं असं मला वाटलं, सायकलला तसं वाटलं नाही. पायडलवर पाय ठेवताच कुणीतरी मागून लाथ मारावी तसा मी सुटलो. पार्किंग बावीस मीटर लांब आहे आणि शेवटी सेक्रेटरींच्या कुंड्या आहेत. "ब्रेक!" पीटी मास्तर ओरडले आणि त्यांनी शिट्टी फुंकली. शिट्टी ऐकून मी सवयीनं पाय थांबवले, मोटरही थांबली, पण मी आणि कुंड्या यांच्यातलं अंतर आधीच संपलं होतं. हे पहिलं पडणं.

"तुमची नजर चुकते," कुंडीतून उठवताना मास्तर म्हणाले. "माणूस जिथे बघतो तिथे सायकल जाते. तुम्ही कुंड्यांकडे बघत होतात. दगड दिसला की दगडाकडे बघायचं नाही, पलीकडच्या वाटेकडे बघायचं."

गुरुवार-शुक्रवार मी याचा सराव ऑफिसात चालत चालत केला. साहेबांना वाटलं मी त्यांना टाळतोय.

शनिवारी सकाळी पाइपांच्या ट्रकमधून सायकल पायथ्याच्या टाकीपाशी उतरवली. व्हॉल्व्हबाई आधीच येऊन थांबल्या होत्या. डोक्याला रुमाल, पायात जाड बूट, खांद्यावर चावी. अर्जात साक्षीदाराची सही लागते म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं.

"तुम्ही चालवा, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "मी आपली चालते."

मी सायकलवर बसलो आणि निघालो. पहिला अर्धा किलोमीटर काय सांगू! चढ होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चढ माझ्या बाजूनं होता. मी पायडल मारत होतो आणि वाट आपण होऊन खाली सरकत होती. खडी, मुळं, पावसानं खणलेले चर, सगळं खालून जायचं, दोन्हीकडचे शॉक ते गिळायचे, आणि माझ्या एकोणनव्वद किलोंपर्यंत फक्त हलकीशी बातमी पोचायची. मी मनातल्या मनात अहवाल सुरू केला: 'सदर वाहन अत्यंत...'

तेवढ्यात खरा चढ आला. वाट भिंतीसारखी उभी राहिली. मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं: पाय थांबवले. पाय थांबले की मोटर थांबते, हे पुस्तिकेत होतं. मोटर थांबली की पंचवीस किलो आणि एकोणनव्वद किलो मिळून कुठल्या दिशेला जातात, ते पुस्तिकेत नव्हतं. दुसरं पडणं. सावकाश, अगदी विचार करून पडल्यासारखं.

बाई मागून चालत आल्या आणि सायकल उचलायला हात दिला. "चढाला थांबायचं नसतं, भाऊसाहेब. मलाही तिथेच गुडघा सांगतो थांब म्हणून. ऐकलं की संपलं."

पुढे गुरं अडवायला केलेलं नागमोडी फाटक आहे. त्यातून माणूस जातो, सायकल जात नाही. ती उचलून पलीकडे द्यावी लागली. एक टोक मी धरलं, एक बाईंनी. त्यांनी त्यांचं टोक उचललं आणि माझ्या टोकाची वाट बघत उभ्या राहिल्या.

दीड किलोमीटरवर चिखलाचा एक खड्डा आहे. मी मास्तरांचं आठवून चिखलाकडे बघायचं नाही असं ठरवलं. पण काय बघायचं नाही हे ठरवायला आधी ते बघावं लागतं. तिसरं पडणं. अर्जातला 'पाण्यात बुडवून ठेवल्यास' हा रकाना मात्र भरला गेला. सायकल चालू होती. माझ्याबद्दल रकाना नव्हता.

चार किलोमीटर चढून आम्ही परत फिरलो. उतार. उताराला मोटरचं काही काम नसतं, असतात ते ब्रेक. इतके चांगले ब्रेक मी पाहिले नाहीत. एका बोटानं दाबावेत. मी चारही बोटांनी दाबले, आणि तेही फक्त पुढचे. पुढचं चाक जागीच थांबलं, पण मी थांबलो नाही. हँडलवरून मी ज्या झुडपात गेलो त्याचे काटे मला झुडपातून बाहेर यायला विरोध करत होते.

बाईंनी मला एक एक काटा सोडवत बाहेर काढलं. मनगट दुखावलं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती, आणि प्रतिष्ठा तर त्या झुडपातच राहिली होती. मला भयंकर राग आला. पाइपवर बसलो आणि म्हणालो, "अयोग्य. मी सरळ 'अयोग्य' लिहिणार आहे. माणसांसाठी केलेलं वाहन नाही हे."

माझ्या बाहीतला एक काटा काढून बाईंनी बाजूला टाकला.

"लिहा की. लिहिणं तुमचं आहे. तळघरातला तो दिवा तेवढा बदलून द्या भांडारातून. फार मिणमिणतो म्हणे."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चावी खांद्यावर घेऊन त्या पुढे निघाल्या, उजवा पाय किंचित ओढत. आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

खालच्या वळणावर पाइपचा जोड सुटला होता. पाणी दवाखान्याच्या आवारात शिरलं होतं, तळमजल्यावरचे रोगी हलवायला सुरुवात झाली होती. पाणी बंद करायचं तर वरचा व्हॉल्व्ह फिरवायला हवा, आणि तो आम्ही होतो तिथून तीन किलोमीटर वर. चालत गेलं तर पाऊण तास. बाईंच्या गुडघ्यानं तासभर.

"भाऊसाहेब, सायकल द्या."

"बाई, नियमाप्रमाणे फक्त मूल्यमापन अधिकाऱ्यालाच..."

"मग तुम्ही जा." त्यांनी लोखंडी चावी माझ्या हातात दिली. "डावीकडे चौदा फेरे. शेवटचे तीन जड जातात."

मी चावी हातात घेतली. वर जाणारी वाट बघितली. मग चावी परत दिली आणि सायकल उचलून सरळ उभी करून दिली. एवढं मात्र मी न पडता केलं.

बाईंनी डोक्याचा रुमाल सोडला, चावी सायकलच्या दांडीला लांबीनं बांधली, सीट एका झटक्यात खाली केली आणि निघाल्या. पहिल्या दहा फुटांत हँडल जोरात डगमगलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वाट रिकामी होती आणि वळणापलीकडून मोटरची बारीक घूं ऐकू येत होती.

मी पाइपवर बसून राहिलो. पाइपमधून पाणी धावत असलं की त्याची एक घरघर असते. बावीस वर्षं बाई तिच्या शेजारून चालत होत्या. सत्तावीस वर्षं खात्यात काढून मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तीही कानांनी नव्हे, बसल्या जागेनं. दर मिनिटाला दवाखान्यात किती पाणी शिरतंय याचा अंदाज मला होता. पंपांचे अर्ज भरून भरून तेवढं येतंच. नियम मोडल्यामुळे आपलं काय होईल हेही डोक्यात होतं. पण पाण्याचा विचार आधी आला आणि हा नंतर, याचं मला आजही बरं वाटतं. खिशात नियमपुस्तिका होती, ती नेहमीच असते. ओली झाली होती. एकेक पान सोडवून मी वाचायला लागलो.

तेराव्या मिनिटाला माझ्या खालची घरघर बारीक झाली. चौदाव्याला थांबली.

मी उठून उभा राहिलो आणि त्या निर्जन डोंगरावर टाळी वाजवली. मनगट दुखलं.

बाई परतल्या तेव्हा कोपराला खरचटलेलं होतं, गाल चिखलानं माखला होता, आणि चेहरा शाळेतून पळून आलेल्या मुलीसारखा दिसत होता.

"दोनदा पडले," त्यांनी लगेच सांगून टाकलं. "एकदा चढताना, एकदा उतरताना. चढाला मधलंच बटण बरं, टर्बोत चाक घसरतं. एका ठिकाणी उतरून ढकलावं लागलं, तर तिथे एक बटण आहे बघा, दाबून धरलं की ती स्वतःच शेजारून चालते, हाताला धरून नेल्यासारखी. फाटकाला मात्र हिचा उपयोग नाही, फाटक रुंद करायला हवं. आणि चावीला जागा नाही. रुमालाचा काय भरवसा?"

"गुडघा?"

त्यांनी पाय वाकवून पाहिला. "आहे की," त्या म्हणाल्या. "विसरलेच होते त्याला."

"बाई, सायकल शिकलात कधी?"

"थोरल्या भावाची होती. तो जेवायला बसला की मी घ्यायची. तो भराभर जेवायचा, म्हणून मी भराभर चालवायला शिकले."

रविवारी मी अहवाल लिहायला बसलो. दोन अहवाल शक्य होते. एकात मी सायकल व्यवस्थित चालवली आणि ती योग्य आहे. हा वाचायला छान होता. दुसऱ्यात जे झालं ते. आणि अहवाल मासिक बैठकीत मोठ्यानं वाचायची आमच्याकडे पद्धत आहे. मी पहिला लिहिला. बायकोनं तो वाचला, माझ्या काटे काढलेल्या हातांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मग चावीला जागा नाही हे यात कुठे आलं? चावी बाईंनी नेली हे न सांगता ते तुम्हाला कुठून कळलं म्हणणार?"

मी तो फाडला आणि दुसरा लिहिला.

सोमवारी साहेबांनी तो वाचायला घेतला. "'मूल्यमापन अधिकारी एकूण चार वेळा पडले: पार्किंगमध्ये एकदा, डोंगरावर तीनदा...'" सभागृहात हसण्याची लाट आली. माझे कान तापले. मी टेबलावरच्या तांब्याकडे बघत बसलो. साहेब पुढे वाचत होते: लाइन निरीक्षकांनी सायकल नेली, व्हॉल्व्ह चौदा मिनिटांत बंद झाला, फाटक रुंद करावं, चावीसाठी कप्पा करावा, सायकल योग्य.

छाननी अधिकारी उभे राहिले. हा माणूस हवेतसुद्धा खोट काढतो. "दोन हरकती. एक, अधिकार नसलेल्या व्यक्तीनं चालवली, म्हणून चाचणी रद्द. दोन, जो माणूस चार वेळा पडतो तोच शिफारस करतो? मला हा अहवाल सजवलेला वाटतो. पुरवठादार जाऊन भेटला होता का यांना?"

पहिल्या हरकतीला मी तयार होतो. वाळवून कडक झालेली पुस्तिका काढली. "नियम एकतीस. पाणीपुरवठ्यावर संकट आल्यास लाइन निरीक्षक खात्याच्या ताब्यातील कोणतंही साधन, कुणाच्याही परवानगीशिवाय वापरू शकतात." दुसऱ्या हरकतीला माझ्याकडे नियम नव्हता. सजवलेला! ज्या अहवालासाठी मी स्वतःची लाज स्वतःच्या हातानं टाइप केली, तो सजवलेला!

"साहेब, मी साक्षीदार आहे," मागून आवाज आला. व्हॉल्व्हबाई उभ्या होत्या. "अहवालात एक चूक आहे."

मी पुस्तिकेत चुकीच्या अहवालाचा नियम शोधायला लागलो.

"चार नाही, पाच. टाकीपाशी निघायच्या आधीच एकदा पडले भाऊसाहेब. सायकल मी धरली होती. हे एका बाजूनं चढले आणि दुसऱ्या बाजूनं खाली गेले."

वाचकहो, ते मी तुमच्यापासूनही लपवलं होतं. सायकल उभी होती, त्यामुळे ते तांत्रिकदृष्ट्या सायकलवरून पडणं होत नाही, असं माझं मत होतं आणि आहे.

सभागृह कोसळलं. साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. छाननी अधिकारीसुद्धा हसले, आणि त्यांना हसताना पाहायची सवय नसल्यामुळे शेजारच्यांनी त्यांना पाणी दिलं. "साक्षीदार यांच्या बाजूचा नाही, एवढं नक्की," ते बसत म्हणाले. "हरकत मागे घेतो."

बाई माझ्याकडे बघत होत्या. चेहरा सरळ, पण रुमालाची गाठ बांधता बांधता ओठांचा एक कोपरा हलत होता. मी आधी खाली बघितलं, मग मलाही राहवलं नाही.

साहेबांनी पेन उघडलं. अहवालात 'चार' खोडून वर 'पाच' लिहिलं आणि खाली 'मंजूर' असा शेरा मारला. मग कागद माझ्याकडे सरकवला. अहवालात खाडाखोड झाली की तिच्या शेजारी मूल्यमापन अधिकाऱ्याची सही लागते.

मी केली. सही जरा वाकडी आली, मनगट अजून दुखत होतं.